सायमन किंबांगू : बंदिवासातील धर्मजागर

मनुष्याला कोंडता येते. पण त्याच्या श्रद्धेला कोंडता येते काय? आफ्रिका खंडातील काँगो देशाच्या सायमन किंबांगू यांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

१८८७ साली एन्काम्बा नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. बॅप्टिस्ट मिशनऱ्यांच्या सहवासात बायबलाशी त्यांचा परिचय झाला आणि १९१५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१८ च्या सुमारास, इन्फ्लुएंझाच्या साथीच्या दिवसांत, लोकसेवेसाठी ईश्वर आपणास हाक देत आहे असे त्यांना वाटू लागले. आपण त्या कार्यास अपात्र आहोत, या भावनेने ते लिओपोल्डव्हिल शहरी मोलमजुरीस निघून गेले. परंतु ती हाक काही थांबेना. अखेर ते गावी परतले.

६ एप्रिल १९२१ रोजी त्यांनी एका आजारी स्त्रीच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. ती बरी झाली, अशी त्यांच्या अनुयायांची श्रद्धा आहे. पाहता पाहता एन्काम्ब्याकडे माणसांची रीघ लागली. शेते व मळे ओस पडू लागले. जादूटोण्याच्या मूर्ती टाकून द्या, एकपत्नीव्रत पाळा, असा त्यांचा उपदेश होता. शस्त्र उचला, असे त्यांनी कधी सांगितले नाही. तोवर प्रभूचे वचन गोऱ्या धर्मोपदेशकाच्या मुखातून यावयाचे. पवित्र आत्म्याचे दान एका काळ्या खेडुतालाही लाभते, हा नवा विश्वास लोकांत जागा झाला. बेल्जियन राजवटीला भय वाटले ते याच विश्वासाचे.

सप्टेंबरात ते स्वतः होऊन अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाले. वकील न देताच लष्करी न्यायालयाने ३ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांना १२० फटके व देहान्ताची शिक्षा फर्मावली. राजा आल्बर्ट यांनी ती जन्मठेपेवर आणली. अवघ्या सहा महिन्यांच्या लोककार्याबद्दल त्यांनी तीस वर्षे एलिझाबेथव्हिलच्या तुरुंगात काढली आणि १२ ऑक्टोबर १९५१ रोजी तेथेच देह ठेवला.

हजारो अनुयायांना सरकारने दूरदेशी हद्दपार केले. परंतु ते जेथे गेले तेथे श्रद्धेचे बीही गेले. किंबांगूंच्या पत्नी मारी म्विलू यांनी मंडळी गुप्तपणे सांभाळली. १९५९ साली सरकारने तिला मान्यता दिली आणि १९६९ मध्ये जागतिक चर्च परिषदेने तिला सभासद करून घेतले. पुढे मंडळीतील अनेकजण किंबांगूंनाच पवित्र आत्मा मानू लागले. इतर ख्रिस्ती पंथांना हे मान्य नाही, आणि त्यावरून मोठा वाद झाला.

तो वाद धर्मपंडितांनी सोडवावा. मात्र विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी धरावे की, ज्याला कोठडीतून एक शब्दही बाहेर पाठविणे कठीण होते, त्याच्या मौनानेच एक समाज उभा केला.