कै. धनंजयराव गाडगीळ

आपल्या वऱ्हाडात कापसास पांढरे सोने म्हणण्याचा प्रघात आहे; परंतु ते पिकविणाऱ्याच्या घरी त्याचे मोल क्वचितच राहिले. मृगाच्या तोंडावर सावकाराकडून कर्ज काढावे आणि वेचणी होताच कापूस त्याच्याच स्वाधीन करावा, असा अनेक घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होता. अमरावती-अकोल्याच्या बाजारात भाव काहीही निघो, अशा ऋणकोस त्याचा लाभ नसे. शेतकऱ्याचे अज्ञान व उधळपट्टी हीच याची कारणे होत, असे सुशिक्षित लोक सहज बोलून जात. बोलण्यापूर्वी मोजून पाहावे, हा धडा ज्यांनी घालून दिला, त्या धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहो.

गाडगीळांचा जन्म १९०१ साली नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण मात्र आपल्या शेजारच्या नागपुरास झाले. पुढे केंब्रिज येथे त्यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला व तो १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९३० साली पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले संचालकपद त्यांजकडे आले. तेथे छत्तीस वर्षे त्यांनी शेते, बाजार व शहरे यांची प्रत्यक्ष पाहणी करण्याची परंपरा निर्माण केली.

१९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी केली. तिच्या मार्गदर्शक समितीत श्री. गोरवाला अध्यक्ष व गाडगीळ एक सभासद होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावी सव्वा लाखांहून अधिक कुटुंबांची चौकशी झाली. तीत असे दिसले की, शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे सत्तर सावकारांचे होते. सरकार व सहकारी सोसायट्या यांचे प्रत्येकी तीनच रुपये, आणि व्यापारी बँकांचा तर एक रुपयाही नव्हता! सहकाराचा कायदा होऊन तेव्हा अर्धशतक होत आले होते. ज्यास दुसरे दारच उघडे नाही, त्यास सावकाराच्या दारी गेल्याबद्दल दोष कसा द्यावा?

१९५४ च्या अहवालात या समितीने उपाय सुचविला. सोसायट्यांत सरकारने भागभांडवल घालावे, जमिनीच्या तारणाऐवजी उभ्या पिकाच्या आधारे कर्ज द्यावे, आणि कर्ज, विक्री व मालावरील प्रक्रिया यांची सांगड घालावी. कापसाच्या मुलखात याचा अर्थ असा की, सोसायटीने कर्ज द्यावे, तिनेच कापूस विकावा, जिनही सहकारी असावा. म्हणजे कर्ज फिटून उरलेला पैसा शेतकऱ्याच्या हाती पडेल. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात श्री. विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासमवेत गाडगीळांनी हे तत्त्व स्वतः राबविले होते. १९६९ साली त्यांच्याच अभ्यासगटाने बँकांनी जिल्हावार कार्य करावे असे सुचविले व त्यातून अग्रणी बँक योजना निघाली. १९७१ साली त्यांचे देहावसान झाले.

त्यांची योजना सर्वांशी फळास आली, असे आम्हांस म्हणवत नाही. सरकारी भांडवलासोबत सोसायट्यांत सत्तेची चढाओढ शिरली. आणि ऋणाने गांजलेल्या वऱ्हाडी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता या शतकातही आपण ऐकल्या. म्हणूनच हे चरित्र केवळ परीक्षेपुरते वाचावयाचे नव्हे. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मृगाआधीची चिंता परिचयाची असेल. उद्या तुम्ही शिकून मोठे व्हाल, तेव्हा ऋणकोच्या वर्तनावर निर्णय देण्यापूर्वी त्यास कर्ज कोणी दिले, कोणत्या दराने दिले व इतर कोणी का दिले नाही, हे तीन प्रश्न अवश्य विचारा.