मागच्या रांगेतला ताल : दारियुस मियो (१८९२–१९७४)

पाश्चात्त्य वाद्यवृंदात व्हायोलिनवाले पुढे बसतात, बासरी आणि क्लॅरिनेटवाले त्यांच्या मागे, आणि ढोल, झांजा, त्रिकोण वाजवणारे सर्वांत मागे उभे असतात. जुन्या काळी त्यांना फारसे कामही नसे. मात्रा मोजत गप्प उभे राहायचे आणि वेळ आली की एकदाच झांज वाजवायची. आपल्या कीर्तनात ढोलकी-तबल्यावाचून पान हलत नाही. युरोपात मात्र ताल वाजवणारा हा हाताखालचा माणूस समजला जाई. त्याच्यासाठी वेगळे संगीत लिहावे असे कोणाच्या मनात येत नसे.

त्या मागच्या माणसाला ज्यांनी पुढे आणून उभे केले, त्यांत दारियुस मियो हे एक मोठे नाव आहे. ते फ्रान्समधील यहुदी होते. त्यांच्या आडनावाचे रोमन स्पेलिंग पाहून पुष्कळ लोक ‘मिलहॉड’ म्हणतात, पण फ्रेंच उच्चार ‘मियो’ असा आहे.

बदामांचे घर

मियो यांचा जन्म ४ सप्टेंबर १८९२ रोजी मार्सेय येथे झाला. बालपण गेले जवळच्या एक्स-आं-प्रोव्हान्स या गावी. वडील गाब्रिएल हे बदामाचे व्यापारी. आई सोफी ही मूळ इटलीच्या सेफार्दी घराण्यातली. घरातच बदाम निवडण्याचे काम चाले. बायका बदाम निवडताना गात, बदाम टोपल्यांत पडत, यंत्राची घरघर चालू असे. हे आवाज मियो यांच्या कानांत आयुष्यभर राहिले, आणि उतारवयात आठवणी लिहिताना त्यांनी ते मुद्दाम नोंदवून ठेवले. सातव्या वर्षी त्यांच्या हाती व्हायोलिन आले.

मियो घराण्याची मुळे प्रोव्हान्समधील फार जुन्या यहुदी समाजात होती. आव्हिन्यों, कार्पांत्रा, काव्हेयों आणि लील-स्युर-ला-सोर्ग या चार गावांत हे लोक पोपच्या राज्यात राहत. त्यांना एकाच गल्लीत राहण्याची सक्ती होती. रात्री गल्लीचे दरवाजे बंद होत. बाहेर पडताना डोक्यावर पिवळी टोपी घालावी लागे. संख्येने ते अगदी थोडे, पण त्यांच्या तेफिल्लाच्या चाली स्वतःच्या होत्या, अश्केनाझींच्या नव्हेत आणि स्पेनकडच्या सेफार्दींच्याही नव्हेत. बोलीही स्वतःची होती : प्रोव्हान्सची भाषा आणि तिच्यात मिसळलेली हिब्रू. कार्पांत्राचे सिनॅगॉग चौदाव्या शतकातले आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर गल्लीचे दरवाजे उघडले, माणसे मोठ्या शहरांकडे निघाली आणि बोली मागे पडत गेली. मियो यांचे बालमित्र, लेखक आर्मां ल्युनेल, हे ती बोली जाणणारे अखेरचे गृहस्थ मानले जातात. १९७७ साली ते वारले आणि बोली संपली. चाली मात्र पुष्कळशा टिकल्या, कारण कोणीतरी त्या लिहून आणि गाऊन ठेवल्या होत्या. त्या कामात मियो यांचाही हात होता.

तालाचा अभ्यास

१९०९ साली मियो पॅरिसच्या संगीत विद्यालयात दाखल झाले. गेले होते व्हायोलिनसाठी, पण लवकरच संगीतरचनेकडे वळले. कवी आणि राजदूत पोल क्लोदेल यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. क्लोदेल यांनी फ्रेंचमध्ये आणलेल्या एका प्राचीन ग्रीक नाटकाला मियो यांनी १९१५ च्या सुमारास संगीत दिले. त्या नाटकात सूडाचे आणि हत्येचे भयंकर प्रसंग आहेत. असे शब्द गोड चालीत गाणे त्यांना पटेना. म्हणून त्यांनी त्या ठिकाणी सूर काढूनच टाकले. गायकवृंदाने शब्द तालात बोलायचे आणि मागे फक्त तालवाद्ये वाजायची, अशी योजना केली. वाद्यांत ढोल-झांजांबरोबर चाबूक, हातोडा आणि शिट्टीसुद्धा होती. त्या काळी हे धाडस होते.

पहिल्या महायुद्धात प्रकृतीमुळे त्यांना सैन्यात घेतले नाही. क्लोदेल यांची ब्राझीलला नेमणूक झाली तेव्हा त्यांचे चिटणीस म्हणून मियो १९१७ च्या आरंभी रिओ द जानेरोला गेले. पोहोचले ते नेमके कार्निव्हलच्या दिवसांत. रस्त्यारस्त्यावर नाच चालू होता. तिथल्या नाचाच्या गाण्यांत ताल किंचित अडखळतो, श्वास रोखल्यासारखा थांबतो आणि पुन्हा पुढे पळतो. कागदावर लिहिलेल्या स्वरांत ती जागा दिसत नाही. मियो यांनी त्या गाण्यांच्या छापील वह्या विकत आणल्या आणि पियानोवर बसून ताल एका हातातून दुसऱ्या हातात जाईल अशी घोटणी सुरू केली. पुष्कळ दिवसांनी ती जागा हाताला सापडली. संगीत विद्यालयात शिकून पदरी विद्या असलेला माणूस रस्त्यावरच्या वादकांपुढे असा पुन्हा विद्यार्थी झाला.

रिओच्या मुक्कामात त्यांनी क्लोदेल यांच्या कल्पनेवर एक नृत्यनाट्य रचले. त्यात रात्रीच्या अरण्याचे चित्र आहे. वादकांचे लहान लहान गट एकमेकांपासून दूर बसवलेले आणि प्रत्येक गटाचा ताल वेगळा. मधले काही भाग तर निव्वळ तालवाद्यांवर चालतात. १९२१ साली ते पॅरिसच्या रंगमंचावर आले.

त्याच सुमारास जाझ युरोपात पोहोचले. १९२० साली लंडनमध्ये मियो यांनी एक जाझ वाद्यमेळ ऐकला आणि १९२२ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जाऊन कृष्णवर्णीय वादकांचे संगीत ऐकले. तिथला ड्रमवाला एकटाच हातांनी आणि पायांनी चार-पाच वाद्ये सांभाळतो, ही गोष्ट त्यांच्या मनात बसली. १९२३ च्या ‘जगाची निर्मिती’ या नृत्यनाट्यात त्यांनी तो अभ्यास कामी आणला.

ब्रुसेल्सच्या शिक्षकाची मागणी

बेल्जियममध्ये तेओ कुतेलिए नावाचे तालवाद्यांचे शिक्षक होते. त्यांच्या विद्यार्थ्यांपुढे एक अडचण होती. व्हायोलिनच्या विद्यार्थ्याला वाजवायला शेकडो रचना, पण ढोल-झांजा शिकणाऱ्याला स्वतंत्र अशी रचनाच नव्हती. मग त्याने शिकलेले दाखवायचे कशातून? कुतेलिए यांनी मियो यांना विनंती केली आणि मियो यांनी ती मानली. १९२९-३० साली त्यांनी तालवाद्ये आणि लहान वाद्यवृंद यांच्यासाठी कॉन्चेर्तो लिहिला. कॉन्चेर्तो म्हणजे एक मुख्य वादक आणि त्याला साथ देणारा वाद्यवृंद. तोवर हा मान पियानो-व्हायोलिनवाल्यांचा होता. आता तो ढोलवाल्याला मिळाला. १९३० साली ब्रुसेल्समध्ये ही रचना प्रथम वाजली आणि मुख्य वादक होते स्वतः कुतेलिए.

रचना लहान आहे, जेमतेम सात-आठ मिनिटांची. पण एकाच वादकाला डझनाहून जास्त वाद्ये सांभाळायची असतात. मोठे नगारे, लहानमोठे ढोल, झांजा, त्रिकोण, खंजिरी, घंटेसारखी मोठी थाळी, लाकडी ठोकळा आणि पुरीमच्या दिवशी मुले हामानच्या नावावर वाजवतात तसली खुळखुळणारी करकरीसुद्धा. मोठा ढोल पायाने वाजवायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. कोणते वाद्य कुठे ठेवले तर हात वेळेवर पोहोचेल, हा हिशेब वादकाला आधीच मांडावा लागतो.

जाझ तेव्हा फार लोकप्रिय होते. ढोल पुढे आला म्हणजे लोकांना जाझच आठवणार, हे मियो जाणून होते. म्हणून त्यांनी जाझची आठवण होईल असे काही मुद्दाम टाळले. पहिला भाग खडबडीत आणि नाट्यमय आहे, दुसरा संथ आणि हळुवार. ढोल केवळ गोंगाट करतो हा समज त्यांना मोडायचा होता. दुसऱ्या भागात वादकाला जितके हळू वाजवावे लागते, तितके पहिल्या भागात जोराने वाजवणे कठीण नाही. आजही देशोदेशीच्या संगीत विद्यालयांत विद्यार्थी ही रचना बसवतात.

देशत्याग

याच वर्षांत मियो आपल्या जुन्या समाजाकडेही वळले. प्रोव्हान्सच्या यहुद्यांच्या चालींवर त्यांनी १९३३ साली गीते रचली. कार्पांत्राच्या यहुदी गल्लीत पुरीमला, आपल्या वडीलधाऱ्यांच्या होळीच्या सणाला, एस्तेर राणीचे नाटक होत असे. त्यावर ल्युनेल यांनी लिहिलेल्या संगीतिकेला मियो यांनी संगीत दिले. ती १९३८ साली पॅरिसच्या रंगमंचावर आली.

दोन वर्षांनी, १९४० च्या उन्हाळ्यात, जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. प्रसिद्ध यहुदी म्हणून मियो यांना धोका होता. पत्नी मादलेन आणि दहा वर्षांचा मुलगा यांना घेऊन ते लिस्बनमार्गे अमेरिकेस गेले. म्हातारे आईवडील एक्सलाच राहिले. युद्ध संपून मियो परत आले तेव्हा दोघेही हयात नव्हते. अनेक नातलग छळछावण्यांत मारले गेले होते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ओकलंडमधील मिल्स कॉलेजने त्यांना शिक्षकाची जागा दिली. योगायोग असा की, ते येण्याच्या थोडेच आधी, १९४० च्या जुलैमध्ये, जॉन केज आणि लू हॅरिसन या तरुण संगीतकारांनी त्याच कॉलेजात केवळ तालवाद्यांचा कार्यक्रम केला होता. तालाचे बी तिथे पेरलेले होते. संधिवाताने मियो यांचे शरीर तोवर फार जखडले होते आणि पुढे ते चाकांच्या खुर्चीतच असत. खुर्चीत बसून ते शिकवीत, लिहीत आणि वाद्यवृंदही चालवीत. १९४७ साली त्यांनी मारिंबा आणि व्हायब्राफोन यांच्यासाठी कॉन्चेर्तो लिहिला. पहिल्या वाद्यात लाकडाच्या पट्ट्या असतात, दुसऱ्यात धातूच्या, आणि एकच वादक दोन्ही वाजवतो. ज्याला स्वतःला चालणे कठीण, त्याने दोन वाद्यांमध्ये धावणाऱ्या वादकासाठी संगीत लिहिले.

शिक्षक मियो

१९४७ नंतर ते एक वर्ष पॅरिसला आणि एक वर्ष मिल्सला शिकवीत. विद्यार्थ्याने आपल्यासारखे लिहावे असा त्यांचा आग्रह नसे. सैन्यातून परतलेला डेव्ह ब्रुबेक त्यांच्याकडे आला. त्याचा जीव जाझमध्ये होता. मियो यांनी त्याला जाझ सोडायला सांगितले नाही, उलट त्यातच पुढे जायला सांगितले. ब्रुबेक जगप्रसिद्ध झाला आणि त्याने पाच आणि नऊ मात्रांचे ताल जाझमध्ये लोकप्रिय केले. १९५८ साली तो मुंबईलाही आला आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खान यांच्याबरोबर वाजवून गेला. त्याने आपल्या थोरल्या मुलाचे नाव दारियुस ठेवले.

मिल्समध्ये शिकलेला दुसरा विद्यार्थी स्टीव्ह राइश. त्याने १९७१ साली प्रामुख्याने ढोल, मारिंबा आदी तालवाद्ये आणि मानवी आवाज यांची तासाभराची रचना पूर्ण केली. पुढे त्याने हिब्रू तहिलीमवरही रचना केली. तिच्यात गायकांना साथ आहे टाळ्यांची आणि लहान खंजिरींची.

यरुशलेम

१९५२ साली मियो आणि ल्युनेल इस्राएलला येऊन गेले. दावीद राजाने यरुशलेम राजधानी केल्याला तीन हजार वर्षे झाली म्हणून एक संगीतिका हवी होती. ल्युनेल यांनी शब्द लिहिले, मियो यांनी संगीत दिले. १ जून १९५४ रोजी ‘दावीद’ यरुशलेममध्ये सादर झाली. प्रोव्हान्सच्या संपत आलेल्या एका लहान समाजातले हे दोन बालमित्र, आणि त्यांचे काम दावीद राजाच्या नगरीत ऐकले गेले.

मियो यांनी १९७१ साली अध्यापन सोडले. २२ जून १९७४ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. दफन एक्स गावी झाले. त्यांच्या रचनांची संख्या ४४३ आहे.

वर्गात बोलण्यासाठी

१. कुतेलिए यांनी मागणी केली नसती तर काय झाले असते? शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी काय मागावे?

२. प्रोव्हान्सच्या यहुद्यांची बोली गेली, चाली राहिल्या. आपल्या घरात आजी-आजोबांची कोणती चाल अजून गायली जाते? ती या आठवड्यात त्यांच्याकडून शिकून या.

३. टेबल, डबा, टाळी आणि चमचा एवढ्यावर चौघांनी चार वेगळे ताल धरून पाहा. आधी जोरात, मग अगदी हळू. कठीण कोणते?