घर, शाळा आणि रस्ता : भीमराव आंबेडकरांचे बालपण

मुलाचे मन घरात घडते की घराबाहेर, हा प्रश्न आपण बहुधा सर्वसामान्य विधानांतून वाचतो. प्रस्तुत घटकात तो एका चरित्राच्या आधारे पाहावयाचा आहे. भीमराव आंबेडकर यांच्या बालपणी घर एक शिकवीत होते आणि बाहेरचे जग नेमके त्याच्या उलट.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. रामजी सकपाळ व भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. रामजी सैन्यात सुभेदार आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस व पुढे साताऱ्यास आले. भीमराव पाच-सहा वर्षांचे असतानाच आई निवर्तली. आत्या मीराबाई यांनी मुलांना सांभाळले.

रामजी कबीरपंथी होते. मोरोपंत, मुक्तेश्वर, तुकाराम यांच्या रचना ते मुलांसमवेत नित्य म्हणत. भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. शाळेच्या पुस्तकाइतकीच या पद्यपाठांतून त्या मुलाच्या कानावर मराठी पडत होती. पुढे 1920 साली ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबा आणि 1927 साली ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानदेव आले, हा निव्वळ योगायोग मानणे मला कठीण वाटते.

याच मुलाला शाळेत बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. नळास हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान. न्हावी केस कापत नसे, म्हणून थोरली बहीण ते काम करी. अपमान बाहेर होई आणि त्याची भरपाई घरातील कोणी तरी मुकाट्याने करी, हे आपण ध्यानात घ्यावे.

1901 च्या सुमारास रामजी कोरेगावला रोखपालाचे काम करीत होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना भेटण्यासाठी भीमराव, त्यांचे वडील बंधू आणि भाचे नवे कपडे घालून आगगाडीने मसूरला उतरले. मुले येत असल्याचे पत्र रामजींपर्यंत पोहोचलेच नव्हते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर दचकून मागे सरले. अखेर एक गाडीवान दुप्पट भाडे घेऊन तयार झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकावी व त्याने पायी चालावे या अटीवर. सोबत खाण्याचा डबा होता. पाणी मात्र कोणी दिले नाही. मुलांनी रात्र उपाशी काढली. अस्पृश्यतेचा नियम या मुलाला आधीही ठाऊक होता. फरक एवढाच, की साताऱ्यात तो अंगवळणी पडला होता. या प्रवासात तो भयासह समोर आला.

घरही सदैव शांत नव्हते. रामजींनी पुनर्विवाह केला. सावत्र आईच्या अंगावर आईचे दागिने पाहून मुलगा दुखावला आणि मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करावे, असे त्याने ठरविले. भाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी चोरण्याचा त्याचा प्रयत्न तीन रात्री फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली. आत केवळ अर्धा आणा निघाला. ज्या आत्याने आईची जागा घेतली होती, तिचीच ती पिशवी! लाजेने त्याने बेत सोडला आणि अभ्यासाने स्वावलंबी व्हायचे ठरविले. या निश्चयामागे उपदेश नव्हता, शिक्षाही नव्हती. जिवलग माणसाचा विश्वास मोडल्याची टोचणी होती.

पुढे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत राहू लागले. रामजी मुलाला लवकर झोपवीत व पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी ते विवाहित मुलींकडून पैसे घेत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन आले की तो सोडवून आणीत. एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत नाकारले गेल्याने भीमरावांना फारसी घ्यावी लागली. 1907 साली ते मॅट्रिक झाले.

रामजींचे निधन 1913 साली झाले. दहा वर्षांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा भीमरावांनी तो आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. अर्पणपत्रिकेत त्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी त्या दोघांनी केलेल्या त्यागाची कृतज्ञतेने नोंद केली आहे.