विश्लेषण : वासुदेव बळवंतांच्या काळात ठासणीची बंदूक मागे का पडली?

आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोणचा. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. शाळेची काही वर्षे कल्याणात गेली, हे आज अनेक कल्याणकरांनाही ठाऊक नसते. पुढे ते पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरीला लागले. लहुजी वस्तादांच्या तालमीत ते दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले.

१८७६-७७च्या दुष्काळाने ते पेटले. त्यातच १८७८चा शस्त्र कायदा आला आणि विनापरवाना बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. फेब्रुवारी १८७९मध्ये रामोशी साथीदारांसह त्यांनी धामारीवर पहिला छापा घातला.

गोल गोळीची अडचण काय?

गावात मिळायची ती ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू, मग शिशाची गोल गोळी आणि वरून गज. दारूच्या काजळीमुळे गोळी अडकू नये म्हणून ती नळीपेक्षा थोडी लहान असे. त्यामुळे ती नळीत आपटत, कशीही फिरत बाहेर पडे. शंभर पावलांपलीकडे नेम म्हणजे नशीब! शिकारीलाही सावज अगदी जवळ येईपर्यंत दबा धरावा लागे.

शंकूच्या आकाराची गोळी वेगळी. साधारण १४.७ मिलीमीटर व्यासाची शिशाची गोल गोळी १९ ग्रॅमच्या आसपास भरते. त्याच नळीची लांबट गोळी ३४ ग्रॅमपर्यंत जाते. समोरून हवेला भिडणारे क्षेत्रफळ जवळपास सारखेच, वजन मात्र पावणेदोन पट. म्हणून तिचा वेग सावकाश घटतो. १८४९मध्ये फ्रेंच अधिकारी मिनिए याने तिची मागची बाजू पोकळ केली. बार उडताच ती कड फुलते, नळीतल्या आट्यांत रुतते आणि गोळी भोवऱ्यासारखी स्थिर फिरत जाते. १८५७ची एन्फिल्ड याच तत्त्वाची. वाद पेटला तो काडतुसाच्या चरबीवरून, पण इंग्रजांना ती बंदूक हवी होती गोळीच्या पल्ल्यासाठी.

१८७९पर्यंत ब्रिटिश फौज त्याहीपुढे, मागून भरायच्या स्नायडर आणि मार्टिनी-हेन्रीपर्यंत पोहोचली होती.

मग बंड बंदुकीमुळेच मोडले का?

तेवढ्यानेच नाही. पैसा आणि माणसे हीच फडक्यांची खरी विवंचना होती. मे महिन्यात पळस्पे आणि चिखली लुटून मोठी रक्कम हाती आली, पण परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठले. चकमकीत दौलतराव नाईक पडले आणि बंडाचा कणाच मोडला. फडके दक्षिणेला श्रीशैलपर्यंत गेले, रोहिल्यांची जमवाजमव सुरू केली. जुलैमध्ये विजापूरकडे देवर नावडगी येथे ते पकडले गेले.

पुण्यातील खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांची बाजू मांडली. शिक्षा जन्मठेपेची झाली. काही काळ ठाण्याच्या तुरुंगात ठेवून जानेवारी १८८०मध्ये त्यांना एडनला धाडण्यात आले. तिथे त्यांनी कोठडीचे दार बिजागरीसकट उखडून पळ काढला, पण लगेच पकडले गेले. अन्नत्याग केलेल्या फडक्यांचे १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगातच निधन झाले.