रविवार, बिअर आणि बेसबॉल : ख्रिस व्हॉन डर आही

बेसबॉलच्या मैदानावर हातात बिअरचा पेला घेऊन बसलेला प्रेक्षक हे आज अमेरिकेत नित्याचे दृश्य आहे. एकेकाळी मात्र याच कारणावरून एका संघाला स्पर्धेबाहेर व्हावे लागले होते. मैदानावरील बिअरविक्री थांबवण्यास आणि रविवारी मैदान भाड्याने देणे बंद करण्यास नकार दिल्यामुळे १८८० साली नॅशनल लीगने सिनसिनाटीच्या संघाची हकालपट्टी केली. जुगार आणि मद्यपान यांमुळे डागाळलेल्या या खेळाला प्रतिष्ठा मिळवून द्यायची, तर प्रेक्षकवर्गही ‘सभ्य’ हवा, अशी लीगच्या धुरीणांची धारणा होती. तिकिटाचा दर ५० सेंट असल्याने कष्टकरी माणूस आपोआपच दूर राहत असे.

या धारणेला धक्का देणाऱ्यांत सेंट लुईसचे ख्रिस व्हॉन डर आही अग्रभागी होते. प्रशियातील वेस्टफालिया प्रांतात जन्मलेले ख्रिस १८६७ मध्ये, विशीच्या आतच, न्यूयॉर्कला उतरले आणि पुढे सेंट लुईसला स्थायिक झाले. किराणा दुकानातील नोकरीपासून सुरुवात करून त्यांनी स्वतःचे दुकान आणि मद्यालय उभे केले. बेसबॉलचे त्यांना फारसे ज्ञान नव्हते. परंतु जवळच्या मैदानावर सामना असला की आपल्या मद्यालयात गर्दी उसळते, हे त्यांच्या व्यापारी नजरेने अचूक हेरले. १८८१ मध्ये त्यांनी स्पोर्ट्समन्स पार्क हे मैदान भाडेपट्ट्याने घेतले.

त्याच वर्षी स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन या प्रतिस्पर्धी संघटनेत त्यांचा ब्राउन्स संघ सामील झाला. २५ सेंटचे तिकीट, रविवारचे सामने आणि मैदानावर बिअर ही तिची त्रिसूत्री होती. विरोधकांनी तिला ‘बिअर आणि व्हिस्की लीग’ असे हिणवले. या वादामागे केवळ दारूचा प्रश्न नव्हता. सहा दिवस कारखान्यात राबणाऱ्या कामगाराला रविवार हाच विसाव्याचा दिवस होता. जर्मन स्थलांतरितांच्या रीतीप्रमाणे त्या दिवशी कुटुंबासह बागेत बसून बिअर पिणे यात वावगे काहीच नव्हते. जुन्या प्रोटेस्टंट अमेरिकेला मात्र तो पवित्र दिवसाचा भंग वाटे. जुलै १८८७ मध्ये रविवारचा सामना खेळवल्याबद्दल ख्रिस यांना अटक झाली. तथापि बेसबॉल हे श्रम नसून करमणूक आहे, असा निर्वाळा देऊन न्यायाधीशांनी त्यांची मुक्तता केली.

चार्ल्स कोमिस्की यांच्या नेतृत्वाखाली ब्राउन्सने १८८५ ते १८८८ अशी सलग चार वर्षे असोसिएशनचे विजेतेपद पटकावले. १८८६ च्या जागतिक मालिकेत त्यांनी नॅशनल लीगच्या शिकागो संघाला नमवले. प्रेक्षकांच्या बिअरला विरोध करणाऱ्या त्या लीगमधील शिकागोच्या मालकांना आपल्याच खेळाडूंच्या मद्यपानामुळे त्यांच्यावर पाळत ठेवायला गुप्तहेर नेमावा लागला होता, ही त्या काळातील विसंगती बोलकी आहे.

वैभवाच्या दिवसांत ख्रिस यांनी मैदानाबाहेर स्वतःचा पुतळा उभारला. वृत्तपत्रे त्यांच्या जर्मन वळणाच्या इंग्रजीची यथेच्छ टवाळी करत. १८९१ नंतर असोसिएशन मोडली आणि ब्राउन्स नॅशनल लीगमध्ये गेला. बिअर आणि रविवारचे सामने यांबाबत लीगलाही स्थानिक संघांना मोकळीक द्यावी लागली. ख्रिस यांचे मत ग्राह्य ठरले, पण त्यांचे दिवस फिरले. कोमिस्की संघ सोडून गेले. नव्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती, पाण्यातील घसरगुंडी असे खर्चिक प्रयोग त्यांनी केले. एप्रिल १८९८ मध्ये सामना चालू असताना प्रेक्षागृहाला आग लागून अनेक जण जखमी झाले. दावे, कर्जे आणि कज्जे यांच्या ओझ्याखाली १८९९ मध्ये संघाचा लिलाव झाला.

उत्तरायुष्यात त्यांनी पुन्हा एक लहानसे मद्यालय चालवले, पण दिवाळखोरी टळली नाही. जुने कर्णधार कोमिस्की त्यांना आर्थिक साहाय्य करत राहिले. १९०८ मध्ये त्यांच्या मदतीसाठी सेंट लुईसमध्ये एक सामनाही खेळवण्यात आला. ५ जून १९१३ रोजी यकृताच्या विकाराने त्यांचे निधन झाले. ज्या पेयाने त्यांना श्रीमंती दिली, त्यानेच अखेर त्यांचा देह पोखरला. मैदानाबाहेरचा तो पुतळा बेलफोंटेन दफनभूमीत त्यांच्या थडग्यावर बसवण्यात आला.

त्यांचा संघ आज सेंट लुईस कार्डिनल्स या नावाने ओळखला जातो. १९५३ मध्ये तो अॅनहायझर-बुश या बिअर उत्पादक कंपनीनेच विकत घेतला. मद्यपी प्रेक्षकांमुळे होणाऱ्या गोंधळाचा अनुभव घेतल्यावर अनेक मैदानांवर सामना संपण्यापूर्वीच बिअरविक्री थांबवण्याची प्रथा पडली. कष्टकऱ्याला त्याचा पेला नाकारू नये, हा ख्रिस यांचा आग्रह तिथे टिकला आहे आणि पेल्याला मर्यादा हवी, हे त्यांच्या विरोधकांचे म्हणणेही.