विश्लेषण : बाळंतिणींचे मृत्यू रोखूनही डॉ. सेमेलवाइस यांना व्हिएन्नाच्या रुग्णालयाने का नाकारले?

करोनाची साथ जगभर पसरत असताना, २० मार्च २०२० रोजी गूगलच्या मुख्य पानावर एका मिशीवाल्या डॉक्टरचे डूडल झळकले होते. सोबत हात कसे धुवावेत याचे प्रात्यक्षिक होते. ते डॉक्टर म्हणजे इग्नाझ सेमेलवाइस. हात धुवायला सांगणारा माणूस आणि त्याला वेडा ठरवणारे जग, अशी त्यांची गोष्ट समाजमाध्यमांवर दोन ओळींत फिरत असते. पण ही गोष्ट जितकी एका माणसाची, तितकीच एका रुग्णालयाचीही आहे. त्या रुग्णालयाकडे मृत्यूंच्या चोख नोंदी होत्या. उपाय सापडला होता, तो लागू झाला होता आणि त्याचा परिणामही आकड्यांत दिसत होता. तरीही उपाय शोधणाऱ्यालाच तिथून जावे लागले.

सेमेलवाइस कोण होते?

१ जुलै १८१८ रोजी बुडा शहरात, म्हणजे आजच्या बुडापेस्टमध्ये, एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. दहा भावंडांतले ते पाचवे. १८३७ मध्ये कायदा शिकायला व्हिएन्नाला गेले आणि वर्षभरात वैद्यकशास्त्राकडे वळले. १८४४ मध्ये पदवी मिळाली. अंतर्गत वैद्यकशास्त्र विभागात जागा न मिळाल्याने ते प्रसूतिशास्त्राकडे आले, म्हणजे ही त्यांची पहिली पसंती नव्हती. जुलै १८४६ मध्ये व्हिएन्नाच्या सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये प्रा. योहान क्लाइन यांचे साहाय्यक म्हणून ते रुजू झाले.

एकाच रुग्णालयात दोन वेगळे आकडे कसे?

या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणी. कोणत्या दिवशी कोणत्या विभागात भरती करायची हे वारांवर ठरलेले होते. त्यामुळे एखादी बाई कुठे जाईल, हे ती कोणत्या दिवशी दारात पोहोचते यावर अवलंबून असे.

१८४६ मध्ये पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ माता दगावल्या. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणांत १०५ मृत्यू झाले. म्हणजे एकीकडे ११ टक्क्यांहून जास्त आणि दुसरीकडे तीन टक्क्यांहून कमी. कारण बहुतेक वेळा एकच, बाळंतज्वर. शहरातल्या गरीब बायकांना हा फरक ठाऊक होता. पहिल्या विभागात टाकू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवत. रुग्णालयात पोहोचण्याआधी रस्त्यातच बाळंत झालेल्या बायकांना हा ताप त्या मानाने कमी होई, ही तर आणखीच चक्रावणारी बाब होती.

डॉक्टरांची स्पष्टीकरणे तयार होती. हवेतील दूषित वाफा, गर्दी, भीती. सेमेलवाइस यांनी ती एकेक करून तपासली. हवा दोन्ही विभागांत सारखीच होती. गर्दी उलट दुसऱ्या विभागात जास्त होती. मरणासन्न रुग्णांकडे जाणारा पाद्री घंटा वाजवत पहिल्या विभागातून जातो आणि त्या धास्तीने बायका आजारी पडतात, असेही म्हटले जाई. त्यांनी घंटा बंद करून पाद्र्याचा रस्ता बदलायला लावला. बाळंतपणात कुशीवर झोपवण्याची दुसऱ्या विभागाची पद्धत पहिल्यात आणून पाहिली. फरक पडला नाही. इंजिनीअर यंत्रातला बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतो, तीच ही रीत.

धागा कुठे सापडला?

मार्च १८४७ मध्ये न्यायवैद्यक विषयाचे प्राध्यापक याकोब कोलेत्श्का यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातातला चाकू त्यांच्या बोटाला लागला होता. व्हेनिसहून परतलेल्या सेमेलवाइस यांना ही बातमी कळली. मित्राच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना त्यांना जे आढळले, ते बाळंतज्वराने मेलेल्या बायकांच्या शरीरात ते रोज पाहत होते.

मग कोडे सुटले. पहिल्या विभागातले डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवागारात काम करत आणि तिथून थेट बाळंतिणींच्या तपासणीला येत. साबणाने हात धुतले तरी वास जात नसे. सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या. जंतूंचा सिद्धांत अजून दूर होता, त्यामुळे सेमेलवाइस यांनी याला मृतदेहाचे कण म्हटले. वास घालवणारे काही तरी हवे म्हणून त्यांनी क्लोरीनचे द्रावण निवडले. ते महाग पडू लागल्यावर चुनायुक्त क्लोरीन, म्हणजे आपल्याकडची ब्लीचिंग पावडर आली. मे १८४७ च्या मध्यापासून वॉर्डात शिरण्यापूर्वी त्यात हात धुणे सक्तीचे झाले.

एप्रिलमध्ये मृत्यूदर १८ टक्क्यांवर होता. जूनमध्ये तो २.२ टक्के आणि जुलैमध्ये १.२ टक्के झाला. ऑक्टोबरमध्ये मात्र नवा धक्का बसला. गर्भाशयाचा कर्करोग झालेल्या एका महिलेला तपासल्यानंतर त्याच फेरीत पुढच्या बायका तपासल्या गेल्या. त्या १२ जणींपैकी ११ मरण पावल्या. विष फक्त मृतदेहातून येत नाही, जिवंत रुग्णाकडूनही येते, हे यातून कळले. तेव्हापासून प्रत्येक रुग्णानंतर हात धुण्याचा नियम झाला. १८४८ मध्ये पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले. त्या वर्षीच्या दोन महिन्यांत तर एकही नाही.

मग विरोध का झाला?

डॉक्टरांच्या अहंकाराकडे बोट दाखवून हा प्रश्न लवकर संपवला जातो. तो होताच, पण तेवढ्याने भागत नाही.

क्लाइन यांच्या आधी योहान बोएर हे विभागप्रमुख होते. ते विद्यार्थ्यांना मृतदेहांवर नव्हे, तर पुतळ्यावर शिकवत. त्यांच्या काळात मृत्यूदर सव्वा टक्क्याच्या आसपास होता. १८२३ च्या सुमारास क्लाइन आले, प्रशिक्षणात मृतदेह आले आणि आकडे चढले. सेमेलवाइस यांचे म्हणणे मान्य करायचे तर प्रमुखांनीच केलेल्या सुधारणेने दोन दशके मृत्यू घडवले, हेही मान्य करावे लागत होते. चौकशी समितीचा प्रस्ताव प्रा. श्कोडा यांनी आणला होता. ती समिती कामाला लागलीच नाही.

या हिशेबातून सेमेलवाइस यांनी स्वतःलाही सोडले नाही. ऑक्टोबर १८४६ ते मार्च १८४७ या काळात ते पदावर नव्हते आणि त्यांच्या जागी आलेले डॉक्टर फारसे शवविच्छेदन करत नसत. फेब्रुवारीत मृत्यूदर दोन टक्क्यांखाली आला होता. सेमेलवाइस परतले, नव्या जोमाने शवागारात उतरले आणि एप्रिलमध्ये ५७ बायका गेल्या. आपल्या हातून किती मृत्यू झाले असतील, याची कबुली त्यांनी पुढे ग्रंथात दिली.

अशी कबुली झेलायला त्या काळी कोणतीही व्यवस्था नव्हती. जर्मनीतील कील शहरातले प्रसूतितज्ज्ञ गुस्ताव मिखाएलिस यांनी ही पद्धत लगेच स्वीकारली. आपण तपासलेल्या एका नातलग महिलेचा बाळंतज्वराने मृत्यू झाला होता आणि त्याला आपणच जबाबदार होतो, हे त्यांच्या लक्षात आले. १८४८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. चूक उघड झाली की ती नाकारायची नाहीतर एकट्याने वाहायची, हे दोनच पर्याय समोर होते. आज रुग्णसुरक्षेच्या नावाखाली चुकांची नोंद आणि मृत्यूंचा आढावा या ज्या पद्धती आल्या आहेत, त्या नेमकी ही कोंडी फोडण्यासाठी.

सेमेलवाइस यांची स्वतःची चूक काय?

त्यांनी लिहिले नाही. निष्कर्ष पहिल्यांदा छापले ते त्यांचे मित्र फर्डिनांड हेब्रा यांनी. ज्या रुग्णालयांत शवविच्छेदन होतच नव्हते, त्यांना वाटले की हे आपल्याला लागू नाही. सेमेलवाइस यांचा स्वतःचा ग्रंथ आला थेट १८६१ मध्ये, १४ वर्षांनी. मार्च १८४९ मध्ये क्लाइन यांनी त्यांची मुदत वाढवली नव्हती. पुढच्या वर्षी अध्यापनाची परवानगी मिळाली, तीही फक्त पुतळ्यावर शिकवण्याच्या अटीवर. त्यानंतर कोणालाही न सांगता ते पेस्टला निघून गेले. पाठराखण करणाऱ्या सहकाऱ्यांना हे लागले.

पेस्टच्या सेंट रोखुस रुग्णालयात सहा वर्षांत ९३३ बाळंतपणे झाली आणि बाळंतज्वराने फक्त आठ मृत्यू झाले. १८५५ मध्ये ते तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे पुन्हा ताप वाढला, तेव्हा दोष न धुतलेल्या चादरींचा निघाला. म्हणजे प्रश्न डॉक्टरांच्या हातांपुरता नव्हता, धोबीखान्यापर्यंत जाणारा होता.

ग्रंथावर टीका झाल्यावर मात्र त्यांचा तोल गेला. १८६१ आणि १८६२ मध्ये त्यांनी नामवंत प्रसूतितज्ज्ञांना जाहीर पत्रे लिहून खुनी ठरवले. आकडे त्यांच्या बाजूने होते, पण या पत्रांमुळे कोणी हात धुवायला लागले असेल असे वाटत नाही.

शेवट कसा झाला?

१८६५ पर्यंत त्यांची मानसिक स्थिती ढासळली होती. नेमका आजार कोणता, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. ३० जुलै रोजी त्यांना व्हिएन्नाच्या मनोरुग्णालयात नेण्यात आले, आणि नेणाऱ्यांत हेब्राच होते. बाहेर पडण्याच्या प्रयत्नात त्यांना रखवालदारांकडून मारहाण झाली. १३ ऑगस्ट रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, जखम चिघळून रक्तात विष पसरल्याने त्यांचा मृत्यू झाला. ज्या प्रकारच्या संसर्गाशी ते झगडले, तशाच संसर्गाने.

दोन वर्षांनी ब्रिटनमध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील लेख प्रसिद्ध केले. १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी बाळंतज्वराचे जंतू दाखवले. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला १९६९ पासून सेमेलवाइस यांचे नाव आहे. त्यांच्या जन्मघरात आता वैद्यकीय इतिहासाचे संग्रहालय असून त्यांचे अवशेष तिथेच ठेवले आहेत.