रंग ओळखता येत नव्हते म्हणून चित्रकला सोडली, अन् शेतकऱ्याला लोखंडी नांगर मिळाला

समुद्राच्या तळाशी तेलाची विहीर खोदताना विहिरीच्या तोंडावर एक अवाढव्य यंत्र बसवलेलं असतं. त्याचं नाव ब्लोआउट प्रिव्हेंटर. खालून तेल आणि वायू उसळून वर यायला लागले, की या यंत्राची पाती खोदकामाचा पाईप कापतात आणि विहिरीचं तोंड बंद करतात.

२० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर हेच यंत्र कामी आलं नाही. ११ माणसं गेली. पुढे चौकशीत यंत्राचं कॉम्प्युटर मॉडेल तयार करून तपासलं, तेव्हा कळलं की दाबाने पाईप वाकून एका बाजूला सरकला होता आणि पात्यांना तो पुरता कापताच आला नाही.

थोडक्यात काय, तर यंत्र बनवण्याआधी ते कागदावर किंवा पडद्यावर अचूक उभं करणं हा जगण्या-मरण्याचा विषय असू शकतो. आज हे काम कॉम्प्युटरवर होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी ते पेन्सिल, टी-स्क्वेअर आणि लाकडावर व्हायचं. हीच विद्या मुंबईत शिकवणारा एक मास्तर पुढे महाराष्ट्राचा मोठा कारखानदार झाला.

त्यांचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. पोराचं मात्र पुस्तकात लक्ष नव्हतं. त्याला दोनच गोष्टींचा नाद, चित्रं काढणं आणि यंत्रं खोलून बघणं. वडिलांना हे काही पटत नव्हतं, पण थोरले भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांच्याच मदतीने १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोनेक वर्षं बरी गेली. मग लक्षात आलं, की काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना कळतच नाही. चित्रकार व्हायला आलेल्या माणसासाठी हा मोठाच धक्का.

पण यंत्रांच्या ड्रॉइंगला रंग लागत नाहीत. तिथे लागते ती रेघ आणि माप. लक्ष्मणरावांनी रंगांचा नाद सोडला आणि मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, सुरू झाली होती. तिथे ते ड्रॉइंगचे मास्तर झाले.

आता हे ड्रॉइंग म्हणजे नेमकं काय?

एखादा यंत्राचा भाग समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसतो ते वेगवेगळं काढायचं. आत पोकळी असेल तर तो भाग मधोमध कापला असं समजून छेद काढायचा. प्रत्येक भोकाचं, प्रत्येक कडेचं माप लिहायचं. ज्याने तो भाग आयुष्यात बघितला नाही अशा कारागिरालाही तो जसाच्या तसा बनवता आला पाहिजे. तो नाही आला, तर ड्रॉइंग चुकलं.

लक्ष्मणराव वर्गात ड्रॉइंग शिकवायचे आणि उरलेल्या वेळात तिथल्याच वर्कशॉपमध्ये यंत्रांवर हात चालवायचे. याच काळात दोघा भावांनी सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, रामुअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, वर चालवायलाही शिकवायच्या.

मग बढतीची वेळ आली. ती लक्ष्मणरावांना न मिळता एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

तिथल्या छोट्या कारखान्यात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं, नंतर लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंड जमिनीला लागलं की जमीन विषारी होते, असा तेव्हा समज होता. बापजाद्यांपासून लाकडी नांगर चालत आलेला, त्यापुढे या नव्या अवजारावर कोण विश्वास ठेवणार? पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षं लागली.

धंदा जरा कुठे मार्गी लागतोय तोवर नवं संकट आलं. कारखान्याची जागा नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी हवी होती. कारखाना हलवायचा तर कुठे?

त्या वेळी लक्ष्मणरावांकडे औंध संस्थानातलं बांधकामाचं एक काम होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कलेचे दर्दी. त्यांनी लक्ष्मणरावांची अडचण ओळखली आणि कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ माळरानाची ३२ एकर जागा आणि १० हजार रुपयांचं कर्ज दिलं.

माळावर निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० ला तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर असे सहकारी सोबत होते. लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांनाही काम दिलं, त्यांच्यावर वाडीच्या राखणीचा भरवसा टाकला.

या कारखान्यात ड्रॉइंगनंतरची पायरी होती पॅटर्नची. पॅटर्न म्हणजे यंत्राच्या भागाचं लाकडी मॉडेल. ते वाळूत दाबून साचा करायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. यात एक गोम असते. ओतीव लोखंड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं. म्हणजे १०० सेंटिमीटरचा भाग हवा, तर पॅटर्न १०१ सेंटिमीटरचा करायचा. हे गणित चुकलं तर आख्खं ओतकाम भंगारात.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणं अवघड झालं आणि देशी नांगराची मागणी वाढली. पण नांगरासाठी लोखंडच मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी स्थापन झाली. १९२६ च्या सुमारास कंपनीचा सेंट्रिफ्यूगल पंप आला.

नांगर डोळ्यांना दिसतो तसाच असतो, पंपाचं तसं नसतं. त्याच्या पोटात वक्र पात्यांची चकती असते, तिला इम्पेलर म्हणतात. ती फिरली की पाणी बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि मधल्या पोकळीत नवं पाणी ओढलं जातं. पात्याचा बाक चुकला की पाणी कमी आणि खर्च जास्त. आकार कागदावर नीट उतरला नाही, तर पंप चालतो पण परवडत नाही.

याचा शेतकऱ्याला काय फायदा झाला, ते नाशिक जिल्ह्यातल्या नामपूरच्या बाजूला गेलं की समजतं. मोसम नदीच्या या खोऱ्यात पूर्वी बंधारे बांधून फड पद्धतीने शेतं भिजवायचे. बंधाऱ्याचं पाणी उतारानेच जातं, त्यामुळे पाटाच्या वरच्या अंगाची जमीन कोरडीच राहायची. विहिरीवर मोट चालवायची तर बैल आणि माणूस दोघांचा दिवस त्यातच जायचा. पंप आले आणि पाणी चढाकडे जायला लागलं. आज नामपूरचा बाजार कांद्यासाठी ओळखला जातो, आणि कांद्याला वेळेवर पाणी लागतं.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमधून इंजिनिअर होऊन आले आणि त्यांनी पुढे पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना उभा केला. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, पोस्ट खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १९७४ मध्ये, सागर सम्राट या तेलविहीर खोदणाऱ्या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात तेल शोधलं आणि बॉम्बे हाय जगाला माहीत झालं. आता समुद्राखालचा एकेक व्हॉल्व्ह आधी कॉम्प्युटरवर उभा राहतो, त्यावर दाब टाकून बघितला जातो, आणि मगच लोखंडाला हात लागतो. टी-स्क्वेअर गेला, बऱ्याच ठिकाणी लाकडी पॅटर्नही गेला. पण भाग ओतायचा असेल, तर मॉडेल करणाऱ्याला तो एक टक्का आजही धरावाच लागतो.